द्विस्तंभी मोटार उत्थापक : वापरलेल्या यंत्राची पारख

मोटारगाडी जमिनीपासून माणसाच्या उंचीइतकी उचलून तिच्याखाली उभ्याने काम करता यावे, यासाठी समोरासमोर उभारलेल्या दोन पोलादी स्तंभांच्या यंत्राला द्विस्तंभी मोटार उत्थापक म्हणतात. प्रत्येक स्तंभात वर-खाली सरकणारा एक गाडा असून त्याला लांबी कमी-जास्त करता येणारे दोन बाहू जोडलेले असतात. चारही बाहूंच्या टोकांवरील रबरी बैठका मोटारीच्या सांगाड्याखाली, निर्मात्याने नेमून दिलेल्या जागी टेकवितात. चाके मोकळी लोंबती राहिल्यामुळे गतिरोधक, स्प्रिंगा इत्यादींचे काम सुलभ होते. खड्ड्यात उतरून काम करण्याच्या जुन्या पद्धतीत ही सोय नसते.

अमेरिकेतील मेंफिस (टेनेसी) येथील पीटर लुनाटी या यंत्रज्ञाने केशकर्तनालयातील खुर्चीवरून कल्पना घेऊन १९२५ च्या सुमारास द्रवीय मोटार उत्थापक तयार केला. त्याचा सिलिंडर जमिनीत पुरलेला असे. जमिनीवर बोल्टांनी बसवावयाचे द्विस्तंभी प्रकार त्यानंतर प्रचारात आले. ते उखडून अन्यत्र नेता येत असल्याने व्यावसायिक दुरुस्तीशाळांनी काढून टाकलेले उत्थापक अमेरिकेत घरच्या गॅरेजसाठी विकत घेतले जातात. त्यांची नामनिर्दिष्ट क्षमता बहुधा ९,००० ते १०,००० पौंड (सु. ४,१०० ते ४,५०० किग्रॅ.) असते.

असे यंत्र पारखताना उचलणे आणि उचलून धरणे या दोन क्रियांतील भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. उचलण्याचे काम तेलाचा दाब करतो. विद्युत् चलित्रावर चालणारा पंप सिलिंडरात तेल लोटतो, दट्ट्या पुढे सरकतो व गाडा वर जातो. धरून ठेवण्याचे काम मात्र तेलावर सोपविलेले नसते. स्तंभात ठराविक अंतरावर खाचा असतात. गाडा वर जात असता स्प्रिंगेने दाबलेली खिटी एकेक खाच ओलांडीत जाते. इष्ट उंची गाठल्यावर गाडा किंचित खाली सोडून खिटी खाचेत बसवितात, म्हणजे भार तेलावरून पोलादावर येतो. विक्रेता यंत्र मोकळेच वर-खाली करून दाखवितो, पण त्यावरून पंप चालतो एवढेच सिद्ध होते. ज्याच्या डोक्यावर दोन टनांची मोटार असणार, त्याच्या दृष्टीने खिटी, खाचा, तारदोर व तळाचे काँक्रीट यांची स्थिती अधिक महत्त्वाची असते.

म्हणून यंत्र उखडण्यापूर्वीच, मोटार चढवून, त्याची परीक्षा करणे इष्ट असते. दोन्ही स्तंभांतील खिट्यांचा आवाज जवळजवळ एकाच वेळी आला पाहिजे. एक बाजू मागे पडत असेल, तर दोन्ही गाडे समपातळीत ठेवणारे तारदोर ताणले गेले आहेत किंवा त्यांची जुळणी बिघडली आहे असे समजावे. खिट्या दोन्ही बाजूंना एकाच पायरीच्या खाचेत बसतात की नाही, हे विजेरीच्या प्रकाशात पहावे. खिटीची व खाचेची धार गोलसर झाली असल्यास ते यंत्र नाकारलेलेच बरे. यानंतर भार खाचेच्या थोडा वर, केवळ तेलावर, तासभर तोलून ठेवतात व उंचीत पडलेला फरक मोजतात. या वेळी मोटारीखाली कोणीही जाऊ नये. गाडा हळूहळू उतरत असल्यास सिलिंडरातील सील झिजले आहेत किंवा झडप नीट बसत नाही असे अनुमान निघते. हे दोष बहुधा दुरुस्त होण्याजोगे असतात व त्यांवरून किंमत कमी करून घेता येते.

तारदोरांची तपासणी कप्पीवरून वळणाऱ्या भागात व टोकांच्या जोडांपाशी करावी. तुटलेल्या तारा, गंज, मुरड किंवा एखाद्या जागी कमी झालेली जाडी आढळल्यास दोर बदलावा लागतो. काही प्रकारांत पट्टीसाखळी असते. तिच्या पिना झिजल्या की लांबी वाढते, व मूळ लांबीच्या ३ टक्क्यांहून अधिक वाढ झालेली साखळी सामान्यतः त्याज्य मानतात. द्रवीय यंत्रणेऐवजी स्क्रूवर चालणाऱ्या उत्थापकांत भार वाहणाऱ्या नटाखाली सुरक्षेसाठी दुसरा नट असतो. या दोहोंमधील अंतर जसे कमी होत जाते, तसा पहिला नट झिजत आला असे मानतात.

स्तंभाच्या तळपट्टीवरील वितळजोडांत भेगा असू शकतात, आणि ताज्या रंगाचा थर त्या झाकून टाकतो. नुकत्याच रंगविलेल्या यंत्राकडे म्हणूनच संशयाने पहावे. हिमवर्षाव होणाऱ्या प्रदेशात रस्त्यांवर मीठ टाकतात. मोटारीबरोबर आलेले खारे पाणी तळाशी साचून तेथील पोलाद आतून खाते. बाहू भाराने खाली झुकणे, त्यांना जागी धरणारे दाते झिजणे, गाड्यातील सरकपट्ट्या संपणे, हेही नित्य आढळणारे दोष होत. व्यावसायिक यंत्राचे चलित्र पुष्कळदा त्रिकला विद्युत् प्रवाहावर चालते. घरी एककला पुरवठा असल्याने ते बदलण्याचा खर्च धरावा लागतो.

नामपट्टीवरून निर्माता, क्रमांक व क्षमता कळते. नामपट्टीच नसलेले, किंवा ज्याचा कारखाना बंद पडून सुटे भाग मिळेनासे झाले आहेत असे यंत्र स्वस्त मिळाले तरी महागच पडते. ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूट (स्थापना १९४५) या अमेरिकन संस्थेच्या प्रमाणनाची सोनेरी पट्टी काही यंत्रांवर आढळते. ती मूळ आराखडा मानकानुसार असल्याची खूण होय. आजच्या स्थितीविषयी ती काही सांगत नाही. त्यासाठी वर्षातून किमान एकदा तज्ञाकडून तपासणी करावी असे तेथील मानक सांगते.

यंत्र निर्दोष असले, तरी घराची जमीन त्याला पेलेलच असे नाही. एका स्तंभावरील १,००० किग्रॅ. भार स्तंभापासून ७० सेंमी. आत असल्यास स्तंभाला आतील बाजूस कलविणारे ७०० किग्रॅ.-मी. परिबल निर्माण होते आणि बाहेरील बोल्ट काँक्रीटमधून उपटले जाऊ पाहतात. पुष्कळ निर्माते किमान ४ ते ४·२५ इंच (सु. १० ते ११ सेंमी.) जाडीचे व चौ. सेंमी. ला सु. २१० किग्रॅ. दाब सोसणारे काँक्रीट आवश्यक मानतात. अमेरिकेतील घरांत तळाचा थर नावापुरता ४ इंच असतो व काही जागी त्याहून पातळ निघतो. लहानसे भोक पाडून प्रत्यक्ष जाडी मोजणे हाच खात्रीचा उपाय होय. स्तंभाची जागा भेगा व सांधे यांपासून दूर असावी. काही घरांचे काँक्रीट ताणलेल्या पोलादी दोरांनी पूर्वप्रतिबलित केलेले असते. भोक पाडताना असा दोर तुटल्यास इमारतीला व माणसालाही इजा पोहोचते, म्हणून दोरांच्या जागा निश्चित केल्याखेरीज तेथे छिद्रक लावू नये. जमीन अपुरी ठरल्यास ती कापून स्वतंत्र पाया ओततात व तो पक्का होण्यास २८ दिवस देतात.

छताची उंचीही आधी मोजावी. दीड मी. उंचीची मोटार १·८ मी. उचलावयाची तर ३·३ मी. मोकळी जागा लागते, आणि घरगुती गॅरेजचे छत पुष्कळदा २·४ ते २·७ मी. वर असते. जुने पायाचे बोल्ट पुन्हा वापरीत नाहीत. नवे बोल्ट निर्मात्याने सांगितलेल्या पिळाने आवळतात. आवळताना एखादा बोल्ट वर येऊ लागला, तर त्या जागचे काँक्रीट दुबळे समजून काम तेथेच थांबवितात. पहिल्या काही दिवसांच्या वापरानंतर सर्व बोल्टांचा पीळ पुन्हा तपासतात.