गेमिंग मॉनिटर घेताय? खोक्यावरच्या आकड्याआधी ग्राफिक्स कार्ड पाहा

बारावीनंतर अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला की अमरावती-अकोल्यातील अनेक घरांत संगणक येतो. अभ्यासही त्यावरच आणि गेमिंगही त्यावरच. दुकानात गेल्यावर मॉनिटरच्या खोक्यांवर १४४ हर्ट्झ, १८० हर्ट्झ, १ मिलिसेकंद, एचडीआर असे आकडे दिसतात आणि जेवढा आकडा मोठा तेवढा मॉनिटर चांगला, असा समज होतो. मात्र संगणक तयार करत नाही ती चित्रे मॉनिटर दाखवू शकत नाही. आकडे समजून न घेता खरेदी केली, तर न वापरल्या जाणाऱ्या क्षमतेचे पैसे मोजावे लागतात.

हर्ट्झ म्हणजे काय?
पडद्यावरचे चित्र एका सेकंदात किती वेळा बदलते, तो रिफ्रेश रेट. ६० हर्ट्झवर एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ वर ६.९ आणि २४० वर ४.२. म्हणजे ६० वरून १४४ वर जाताना जवळपास १० मिलिसेकंदांचा फरक पडतो, तर १४४ वरून २४० वर जाताना पावणेतीन मिलिसेकंदांचाच. पहिला बदल बहुतेकांना लगेच जाणवतो. दुसऱ्याचा उपयोग प्रामुख्याने स्पर्धात्मक खेळणाऱ्यांना होतो.

ग्राफिक्स कार्ड आधी का पाहायचे?
तुमचे कार्ड एखाद्या गेममध्ये सेकंदाला ७० चित्रे देत असेल, तर १८० हर्ट्झच्या मॉनिटरवरही नवी चित्रे ७० च दिसतील. व्हॅलोरंटसारखे गेम साध्या कार्डवरही वेगात चालतात. सायबरपंक २०७७ सारखे गेम मात्र महागड्या कार्डलाही दमवतात. रिझोल्यूशन वाढले की हा भार आणखी वाढतो. फुल एचडी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पी वर ३६.९ लाख आणि ४के वर ८२.९ लाख. घरी संगणक असेल, तर नेहमीच्या गेममध्ये एफपीएस दाखवणारा पर्याय सुरू करा आणि तो आकडा लिहून घेऊनच दुकानात जा.

आकार किती घ्यावा?
फुल एचडीसाठी २४ इंच आणि १४४०पी साठी २७ इंच ही जोडी जमते. २७ इंची फुल एचडी मॉनिटर आकाराने मोठा दिसतो, पण त्यात इंचाला ८२ च पिक्सेल मिळतात. २४ इंचीत ९२. याच पडद्यावर कोडिंग आणि नोट्स वाचायच्या असतील, तर अक्षरांच्या कडा खरखरीत दिसू शकतात.

पॅनेल कोणते?
आयपीएस पॅनेलमध्ये रंग चांगले दिसतात आणि बाजूने पाहिले तरी फारसे बदलत नाहीत. अभ्यास आणि गेमिंग दोन्हींसाठी ते सोयीचे. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग गडद दिसतो, पण स्वस्त मॉडेलमध्ये अंधाऱ्या दृश्यांत हलत्या वस्तूंमागे सावली राहते. '१ मिलिसेकंद' हा दावा बहुधा सर्वांत अनुकूल सेटिंगवर मोजलेला असतो. त्यापेक्षा फ्रीसिंक किंवा जी-सिंकची सोय आहे का, ते पाहा. एफपीएस कमी-जास्त झाले तरी चित्र मध्येच फाटल्यासारखे दिसत नाही.

१४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वरच चालतोय?
असे बऱ्याचदा होते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधील 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले'मध्ये जाऊन रिफ्रेश रेट स्वतः निवडावा लागतो. केबल आणि पोर्टही तपासा. जुन्या एचडीएमआय १.४ वर फुल एचडीला बहुधा १२० हर्ट्झच्या पुढे जाता येत नाही. कार्डला डिस्प्लेपोर्ट असेल तर तोच वापरा. प्लेस्टेशन ५ जोडणार असाल, तर १२० हर्ट्झपेक्षा अधिकचा उपयोग नाही.

वऱ्हाडात आणखी काय पाहावे?
मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ अंशांपुढे गेला आणि उष्णतेच्या लाटेमुळे प्रशासनाने कलम १४४ लागू केले होते. बहुतेक मॉनिटरच्या माहितीपुस्तिकेत मात्र खोलीच्या तापमानाची मर्यादा ३५ ते ४० अंश दिलेली असते. त्यामुळे मॉनिटर तापणाऱ्या भिंतीला टेकवू नका, मागे हवा खेळू द्या. कूलरचा दमट झोतही थेट त्यावर नको. विजेचा दाब कमी-जास्त होत असेल, तर सीपीयूबरोबर मॉनिटरही यूपीएसवर लावा.

पैसे देण्याआधी आपल्या पिनकोडवर घरपोच सेवा मिळते का, की दुरुस्तीसाठी नागपूर गाठावे लागेल, हे विचारा. किती पिक्सेल बंद असल्यास मॉनिटर बदलून मिळतो, तेही लेखी घ्या.

'जीएसटी कमी झाला' म्हणजे स्वस्त?
२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. मात्र ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्के कर आहे. २४ किंवा २७ इंचीवर कोणी 'जीएसटी कपातीची सूट' सांगत असेल, तर ती करातली नाही. दोन-तीन ठिकाणची किंमत विचारूनच ठरवा.

थोडक्यात, मध्यम कार्ड असलेल्या विद्यार्थ्याला २४ इंची, फुल एचडी, १४४ हर्ट्झच्या आसपासचा आयपीएस मॉनिटर पुरेसा आहे. उरलेले पैसे यूपीएससाठी ठेवावेत. तगडे कार्ड असेल, तरच २७ इंची १४४०पी कडे वळावे.