सोसायटी म्हणजे कुठली?

मार्च महिन्यात इंदापूर तालुक्यातल्या कुठल्याही पारावर "सोसायटी भरली का?" असं कानावर आलं, तर तो प्रश्न पीककर्जाचा असतो. गावची विविध कार्यकारी सोसायटी, जिल्हा बँकेकडून आलेलं कर्ज आणि ३१ मार्चच्या आत नवं-जुनं करायची धांदल. हाच प्रश्न बारामतीत भिगवण रोडच्या एखाद्या इमारतीच्या जिन्यात विचारला, तर उत्तर मेंटेनन्सचं येतं.

आमच्या दाजींना दोन्ही सोसायट्या आहेत. गावाकडची त्यांना तोंडपाठ: चेअरमन कोण, सचिव कुठल्या गटाचा, थकबाकीदार कोण. बारामतीतल्या सोसायटीचं नाव त्यांना पाटी वाचून सांगावं लागतं.

त्यांचा ऊस नीरा डाव्या कालव्यावरचा आणि फ्लॅट वन बीएचके. हॉल, किचन, एक बेडरूम, चारशे चौरस फुटांच्या आसपास कार्पेट. गॅलरीत ज्वारीचं पोतं, त्यावर मुलीच्या क्लासची बॅग. दाजी गावाकडं, ताई दोन मुलांना घेऊन इथं. असे संसार बारामतीत मजल्यामजल्यावर सापडतात. तुळजाराम चतुरचंद कॉलेज १९६२ मध्ये निघालं, विद्या प्रतिष्ठान १९७२ मध्ये. पुढं एमआयडीसी आली, २०१९ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. मग शिकणाऱ्या पोरांच्या मागोमाग आया आल्या आणि आयांच्या मागोमाग गहू-ज्वारीची पोती.

खरं तर तयार घरात राहण्याची इंदापूरला नवलाई नाही. वालचंद हिराचंदांनी १९३० च्या दशकात वालचंदनगर वसवलं तेव्हा कारखान्याबरोबर कामगारांची घरंही बांधली. पण ते क्वार्टर. नोकरी आहे तोवर घर, निवृत्तीला किल्ली परत. दाजींचे एक चुलते तिथं उभी नोकरी करून शेवटी सामान ट्रॅक्टरमध्ये घालून गावी आले. "आपलं म्हणून काय व्हतं, तर भांडी," असं ते म्हणायचे. त्यामुळं दाजींनी फ्लॅट घेतला तेव्हा घरात एकच गोष्ट पुन्हापुन्हा बोलली गेली: हे स्वतःचं आहे.

ते कितपत स्वतःचं, याचं उत्तर कागदांत शोधावं लागतं, आणि तो शोध थेट मुंबईच्या गावदेवीपर्यंत जातो. १९१५ मध्ये तिथं श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. इमारती सोसायटीच्या, सभासदाकडं शेअर, आणि तो आपल्याच संस्थेचा भाडेकरू. पुढल्याच वर्षी, १९१६ मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये फिनलंडहून आलेल्या कामगारांनी 'आल्कू' नावाची अशीच सहकारी इमारत बांधली. त्यांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'सुरुवात'. न्यूयॉर्कमध्ये आजही को-ऑप घेणारा खोल्या विकत घेत नाही. तो शेअर घेतो आणि त्यावर राहण्याचा हक्क मिळवतो.

आपल्याकडं गाडी वेगळ्या रुळावर गेली. इथं आधी बिल्डर येतो, फ्लॅट विकतो, आणि सोसायटी मागाहून जन्मते. १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा मालकी फ्लॅटचा कायदा, या दोन रुळांवर महाराष्ट्रातले बहुतेक फ्लॅट चालतात. राज्यात सव्वादोन लाखांच्या घरात सहकारी संस्था आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक गृहनिर्माण संस्था. साखर कारखाने त्यात मूठभर. तरी सहकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धुराडंच येतं.

ताईने प्लास्टिकच्या फाइलमधून शेअर सर्टिफिकेट काढून दाखवलं. पन्नास रुपयांचा एक, असे दहा शेअर. एकूण पाचशे रुपये. लाखांचा फ्लॅट आणि पाचशेचा कागद, म्हणून दाजींना त्याचं हसू येतं. पण मत याच कागदाला आहे, लाखांना नाही. कारखान्यात जसं दोन एकरवाल्याला आणि वीस एकरवाल्याला एकच मत, तसं इथं वन बीएचकेला आणि टेरेसवाल्या थ्री बीएचकेला एकच.

आता याची दुसरी बाजू. मत सारखं, तसा सेवा खर्चही सारखा. वॉचमन, झाडू, जिन्यातला दिवा, कार्यालयाचा खर्च हे आदर्श उपविधींप्रमाणे प्रत्येक फ्लॅटवर समसमान बसतात. लिफ्टचंही तेच. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि आकारावर. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का, सिंकिंग फंड किमान पाव टक्का. छोट्या फ्लॅटवाल्यांची कुरकुर इथंच सुरू होते: आम्ही एका बेडरूमचे, मग झाडूचा खर्च तीन बेडरूमवाल्याएवढा का? मला विचाराल तर झाडूवाली जिना झाडते, बेडरूम नाही. तेव्हा नियम बरोबरच वाटतो.

पुणे जिल्ह्यात मात्र आणखी एक मेख आहे. अनेक बिल्डर सोसायटी न करता १९७० च्या कायद्याखाली डिक्लेरेशन करून 'अपार्टमेंट' करतात. बाहेरून इमारत तीच, आतला हिशेब उलटा. इथं फ्लॅटबरोबर जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत मिळतो आणि खर्चही त्याच टक्क्यांनी. पुण्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हेच सांगितलं: अपार्टमेंटमध्ये मोठ्या फ्लॅटने जास्त भरायचं. वन बीएचकेवाल्याचा खर्च तिथं कमी, पण शब्दाचं वजनही टक्क्यांएवढंच. फ्लॅट घेताना टाइल्स ठोकून बघणारी माणसं 'सोसायटी होणार की अपार्टमेंट?' हे विचारत नाहीत.

रेराचंही तसंच. २०१६ च्या या कायद्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, पण ५०० चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील तर नोंदणीची सक्ती नाही. ५०० चौरस मीटर म्हणजे पाच गुंठ्यांना थोडं कमी. बारामतीच्या हद्दवाढीतल्या गल्ल्यांमधून हिंडा आणि पाच गुंठ्यांहून लहान प्लॉटवरच्या तीन मजली इमारती मोजा. किती घरं रेराच्या बाहेर उभी आहेत ते कळेल.

सगळ्यात मोठी गंमत जमिनीची. बांध दोन फूट सरकला तर दाजींच्या भावकीत कोर्टाची पायरी चढली जाते. सातबारावर नोंद लागेपर्यंत तलाठ्याचा पिच्छा सोडत नाहीत. पण फ्लॅटचं इंडेक्स टू हातात आलं आणि सगळे निर्धास्त झाले. इमारतीखालच्या जमिनीचा उतारा कुणी काढलाच नव्हता. ताईने काढला. त्यावर अजून मूळ शेतमालकाचंच नाव. सोसायटीला नोंदून बरीच वर्षं झालेली, बिल्डर कधीच दुसऱ्या गावी गेलेला, आणि जमीन सोसायटीच्या नावे करून देणारं कन्व्हेयन्स झालेलंच नाही. उद्या इमारत पाडून नवी बांधायची म्हटली, तर पहिला प्रश्न इथंच अडतो.

यावर २००८ च्या दुरुस्तीने वाट काढून ठेवली आहे: मानीव अभिहस्तांतरण, बोलीत 'डीम्ड कन्व्हेयन्स'. बिल्डर सही करत नसेल, तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडं अर्ज करायचा; सुनावणी होऊन आदेश निघतो, दस्त नोंदवला जातो, मग उताऱ्यावर संस्थेचं नाव चढतं. त्यासाठी आधी सभेचा ठराव लागतो. ठरावाला सभा. आणि सभेला माणसं.

सहकारी वर्ष ३१ मार्चला संपतं आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, कारखान्याचीही आणि गृहनिर्माण संस्थेचीही. त्यामुळं सप्टेंबरात दाजींच्या खिशात दोन नोटिसा असतात. कारखान्याच्या सभेला मांडव, माइक, दरावरून घोषणा, संध्याकाळपर्यंत चालणारी प्रश्नोत्तरं. तिथं जाताना ते इस्त्रीचा सदरा घालतात. सोसायटीची सभा पार्किंगमध्ये, दुचाक्या बाजूला सारून, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. कारखान्याच्या चेअरमनला गाडी असते. इथल्या चेअरमनला रात्री साडेदहाला मोटर बंद करायचे फोन.

गेल्या सप्टेंबरात मी त्या सभेला जाऊन बसलो होतो. वेळ सायंकाळी सहाची. सव्वासहाला सहा माणसं. कोरम नाही म्हणून सभा तहकूब, आणि अर्ध्या तासाने त्याच जागी तहकूब सभा सुरू. तिला कोरम लागत नाही. तोवर चहा आला. विषय पहिला, मागील इतिवृत्त. विषय दुसरा, हिशेब. मग पाण्याच्या टँकरवर वीस मिनिटं. दाजी त्या दिवशी मुक्कामी होते, तेही खाली आले. कारखान्याच्या सभांची सवय, उभे राहून, घसा साफ करून त्यांनी सुरुवात केली, "माननीय चेअरमनसाहेब..."

सेक्रेटरी, निवृत्त शिक्षक, हळूच म्हणाले, "दाजी, बसा. सभासद ताई आहेत."

खरंच आहे ते. फक्त बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत, अशी सूट राज्याने २०२१ मध्ये दिली, म्हणून खरेदीखत ताईच्या एकटीच्या नावे झालं होतं. त्यामागं हिशेब टक्क्याचाच होता, दुसरा काही नव्हता. गावच्या सोसायटीत खातं दाजींचं, कारण जमीन त्यांच्या नावावर. कारखान्याचा शेअरही त्याच कारणाने त्यांचा. इतकी वर्षं ऊस खुरपून ताई दोन्हीकडं कुणीच नव्हती.

तिने फाइल उघडली, उतारा सगळ्यांना दिसेल असा धरला आणि शेतमालकाचं नाव मोठ्याने वाचलं. तळमजल्यावरचे काका चष्मा लावून जवळ आले. "म्हणजे जमीन अजून त्यांचीच?" टँकरचा विषय तिथंच राहिला. ताईने लिहून आणलेला ठराव वाचला: मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करण्याचे अधिकार व्यवस्थापन समितीला देण्यात येत आहेत.

"सूचक तुम्ही. अनुमोदक कोण?" सेक्रेटरींनी विचारलं.

दाजींनी सवयीने हात वर केला.

"तुमचा नाही चालत, दाजी," सेक्रेटरी म्हणाले, आणि तळमजल्यावरच्या काकांचं नाव वहीत लिहून घेतलं.