एका दिवसाची मुंबई
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

आपल्या खानदेशातून मुंबईला जाणारा माणूस बहुधा काहीतरी काम घेऊन जातो. कुणाची मंत्रालयात फाईल अडकलेली असते, कुणाची मुलाखत असते, कुणाच्या घरचे माणूस दवाखान्यात असते. काम आटोपले की तो रात्रीच्या गाडीत बसतो आणि पहाटे जळगावला उतरतो. मुंबई आपल्या राज्याची राजधानी आहे, पण ती पाहण्यासाठी म्हणून जाणारे आपल्यात थोडेच. माझे वडील काकांच्या आजारपणात तीन वेळा मुंबईला गेले. परळच्या एका रुग्णालयासमोरच्या फूटपाथवर त्यांनी रात्री काढल्या. पण समुद्र पाहिला का, असे विचारले तर म्हणायचे, "सवड कोठे होती?" तेथून समुद्र अवघ्या तीन-चार किलोमीटरवर आहे, हे मला पुढे नकाशात पाहून कळले.

प्रस्तुत लेख अशा माणसांसाठी आहे. हाताशी एकच दिवस असेल तर राजधानी कशी पाहावी, याचा आराखडा येथे द्यायचा आहे. तो मला सुचला तो एका फसलेल्या सहलीतून, म्हणून आधी ती हकीकत सांगते.

गेल्या वर्षी आम्ही चार मैत्रिणी मुंबईला गेलो. घरून परवानगी मिळाली ती एका अटीवर : रात्रीच्या गाडीने जायचे आणि दुसऱ्या रात्रीच्या गाडीने परत यायचे. आम्ही वहीत चौदा ठिकाणे लिहिली. रविवारी गर्दी असते म्हणून सोमवार निवडला. गेटवेला पोहोचल्यावर कळले की घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. मग आम्ही तडक भायखळ्याला राणीच्या बागेकडे निघालो. तेथून दादरला जाताना संध्याकाळची गर्दी सापडली. एकीची चप्पल तुटली, दोघींची चुकामूक झाली आणि अर्धा तास फलाटावर रडण्यात गेला. चौदापैकी चार ठिकाणे झाली. समुद्रकिनारा यादीत अकरावा होता. तो राहिलाच.

परत येताना गाडीत विचार केला. आमची यादी चांगली होती. चूक एवढीच झाली की आम्ही ठिकाणे मोजली, तास मोजले नाहीत.

आधी तास मोजा

जळगाव ते मुंबई हे अंतर रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर आहे. रात्रीची गाडी सात-आठ तास घेते. चाळीसगाव, मनमाड, नाशिक, इगतपुरी करत ती पहाटे मुंबईत पोचते. धुळ्याच्या मंडळींना रात्रीची एस.टी. सोयीची पडते, किंवा चाळीसगावला येऊन मुख्य मार्गावरची गाडी धरता येते. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचे असेल तर जाण्याचे व येण्याचे तिकीट एकदमच काढावे. वेळापत्रके बदलतात, म्हणून गाडीची वेळ निघण्याआधी पुन्हा एकदा खात्री करून घ्यावी.

समजा, सकाळी सहाला आपण स्टेशनवर उतरलो आणि परतीची गाडी रात्री नऊनंतर आहे. हातात पंधरा तास आले. त्यातून तोंड धुणे, चहापाणी, जेवण, रांगा, वाट पाहणे आणि शेवटी गाडीआधी राखून ठेवायचा एक तास, असे सहा तास वजा करा. उरले नऊ. एका ठिकाणी जाणे, पाहणे आणि तेथून निघणे याला दीड तास धरला, तर सहा ठिकाणे होतात. बरोबर म्हातारे माणूस किंवा लहान मूल असेल तर पाच. हा हिशेब आधी करावा आणि मगच वही उघडावी.

मग रेघ ओढा

मुंबई उत्तर-दक्षिण लांबट शहर आहे. एक ठिकाण दक्षिणेला, दुसरे उत्तरेला असे केले की दिवस लोकलमध्ये जातो. सकाळी साधारण आठ ते अकरा या वेळात सारे शहर दक्षिणेकडे कामाला जाते, आणि संध्याकाळी पाचनंतर तेच शहर उत्तरेकडे घरी निघते. आपण सकाळच्या गर्दीआधी दक्षिणेला पोचलो आणि संध्याकाळची गर्दी ओसरेपर्यंत तेथेच राहिलो, तर तिची गाठ पडत नाही. म्हणून एक दिवसाच्या पाहुण्याने दक्षिण मुंबई सोडू नये. या भागात रिक्षा नाहीत. पायी चालणे, बेस्टची बस किंवा मीटरची काळी-पिवळी टॅक्सी ही सोयीची साधने आहेत. तिघे-चौघे असतील तर जवळच्या अंतराला टॅक्सी परवडते.

काय सोडावे?

हा सर्वांत कठीण भाग. घारापुरीला गेटवेहून लाँचने जायला सुमारे तास लागतो, यायला तेवढाच, वर पायऱ्यांची चढण. म्हणजे निम्मा दिवस गेला. तेथील त्रिमूर्ती अद्वितीय आहे, यात शंका नाही. परंतु आपल्याला अजिंठा जळगावहून साठेक किलोमीटरवर आहे. जगभरचे लोक ज्या लेण्यांसाठी आपल्या दारात येतात, ती पाहिलेल्या माणसाने पहिल्या मुंबईभेटीत घारापुरी सोडली तर चालेल. राणीच्या बागेचेही तसेच. ती उत्तरेला पडते आणि बुधवारी बंद असते. तिला अर्धा दिवस तरी हवा. समुद्र मात्र खानदेशात नाही. म्हणून तो यादीत पहिला लिहावा, जरी पाहायचा शेवटी असला तरी.

दिवसाचा मार्ग

पहिले ठिकाण आपण उतरतो तेच : छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. बहुतेक प्रवासी या इमारतीतून बाहेर पडतात आणि मागे वळून पाहत नाहीत. सामान क्लोकरूममध्ये ठेवावे. त्यासाठी पिशवीला कुलूप लागते आणि तिकीट दाखवावे लागते, म्हणून घरूनच कुलूप न्यावे. नंतर रस्त्यापलीकडे जाऊन इमारतीकडे तोंड करून उभे राहावे. वास्तुशिल्पी एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार हे काम १८७८ मध्ये सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. दगडातील पाने, फुले, पशुपक्षी यांच्या कोरीव कामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. आपल्यासारख्याच विद्यार्थ्यांचे ते काम २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले आहे. समोरची महानगरपालिकेची इमारतही स्टीव्हन्स यांचीच.

येथून दादाभाई नौरोजी मार्गाने सरळ चालत गेले की एक किलोमीटरवर हुतात्मा चौक लागतो. जुने कारंजे १८६४ चे आहे. त्याच्या शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचे स्मारक आहे. मुंबईसह महाराष्ट्र व्हावा या मागणीसाठी २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच परिसरात आलेल्या मोर्चावर गोळीबार झाला. त्या लढ्यात शंभरावर माणसे गेली आणि १ मे १९६० रोजी राज्य झाले. मुंबई आपली राजधानी का आहे, याचे उत्तर मंत्रालयापेक्षा या चौकात जास्त नीट मिळते.

पुढे ओव्हल मैदानाच्या कडेने राजाबाई मनोरा पाहावा. मुंबई विद्यापीठाचा हा मनोरा १८७८ साली पुरा झाला. त्यासाठी पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी आणि नाव दिले आपल्या आईचे. हा पैसा कोठून आला, हे कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याने लक्षात घेण्यासारखे आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तेथील कापूस इंग्लंडला जाईनासा झाला आणि मुंबईच्या बाजारात कापसाला सोन्याचे दिवस आले. त्या तेजीत प्रेमचंद शेठ कापूस आणि शेअरबाजाराचे राजे झाले. मुंबईत येणाऱ्या कापसात खानदेशचा कापूसही होता.

मनोऱ्याकडून गेटवे ऑफ इंडिया पायी पंधरा-वीस मिनिटे. ऊन चढण्याआधी, साडेनऊच्या सुमारास तेथे असावे. पंचम जॉर्ज १९११ साली आले त्याची ही आठवण. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याची ही कमान १९२४ मध्ये पुरी झाली. ज्या राजाच्या स्वागताची ती खूण, त्याच राज्याची शेवटची पलटण २८ फेब्रुवारी १९४८ रोजी याच कमानीखालून परत गेली.

दुपारचे ऊन छपराखाली काढावे. त्यासाठी गेटवेजवळच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. इमारत विटेट यांचीच, संग्रहालय १९२२ पासून लोकांना खुले. येथे दोन तास राखावेत आणि सगळी दालने पाहण्याचा हट्ट धरू नये. शिल्पांचे दालन आणि लघुचित्रांचे दालन एवढी नीट पाहिली तरी येणे सार्थकी लागले. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना येथे जुन्या वस्तू वाचण्याची सवय उपयोगी पडेल. स्वच्छतागृहाची सोय येथे चांगली आहे. मुली आणि वयस्क मंडळी बरोबर असतील तर ही गोष्ट आराखड्यात आधी लिहावी, लाजू नये. जेवणासाठी घरच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्यावी. पैसे वाचतात आणि वेळही.

तीनच्या सुमारास बसने किंवा टॅक्सीने गावदेवीला मणिभवनात जावे. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत येत तेव्हा येथे उतरत. त्यांची खोली, चरखा आणि ग्रंथालय पाहता येते. १९३६ साली आपल्या फैजपूरला भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या ग्रामीण अधिवेशनाच्या गोष्टी ज्यांनी आजोबांकडून ऐकल्या आहेत, त्यांना हे घर परके वाटणार नाही. जवळच गवालिया टँकचे मैदान, ८ ऑगस्ट १९४२ च्या 'छोडो भारत' ठरावाचे.

तेथून पायी गिरगाव चौपाटी. लोकमान्य टिळकांवर १९२० च्या ऑगस्टमध्ये येथेच अंत्यसंस्कार झाले, त्यांचा पुतळा वाळूवर उभा आहे. सूर्यास्ताच्या तासभर आधी येथे पोचावे. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. गेटवेला पाणी दिसते, पण हाताला लागत नाही. चौपाटीला ते पायाशी येते. अंधार पडला की मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसून दिवे पाहावेत आणि आठच्या आत टर्मिनसवर परतावे.

आराखड्याची परीक्षा

या दिवाळीच्या सुट्टीत मी आई-वडिलांना घेऊन याच मार्गाने गेले. वार आधी पाहिला, कुलूप नेले. आईचे गुडघे दुखतात म्हणून मणिभवनाजवळचे मैदान वगळले. राजाबाई मनोऱ्याची हकीकत सांगितली तेव्हा वडिलांनी एकच प्रश्न केला, "तव्हय काय भाव व्हता?" मला उत्तर देता आले नाही. ते आम्हाला अभ्यासक्रमात नाही.

चौपाटीवर आई वाळूतून थेट पाण्यापर्यंत गेली. ओंजळीत पाणी घेऊन तिने चाखले आणि म्हणाली, "इतलं पानी, पन पेवाले एक घोट नई." वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, तीन वेळा आलो तेव्हा कुणी सांगितले असते तर भावालाही आणून बसवले असते. काका त्या आजारातून उठले नाहीत.

म्हणून शेवटी एक छोटा आराखडा, ज्यांच्याकडे दिवसही नाही त्यांच्यासाठी. परळच्या दवाखान्यात कुणाच्या सोबतीला राहिला असाल आणि दुपारी दोन तास मोकळे मिळाले, तर टॅक्सीने किंवा बसने दादर चौपाटीला जा. शेजारीच चैत्यभूमी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर ७ डिसेंबर १९५६ रोजी तेथे अंत्यसंस्कार झाले. तेथे माथा टेकावा, अर्धा तास समुद्रासमोर बसावे आणि परत यावे. रुग्णाला बसवत असेल आणि डॉक्टर हो म्हणत असतील, तर त्यालाही न्यावे.

आमच्या गावातून आता कुणी मुंबईला निघाले की वडील त्याला हा रस्ता कागदावर काढून देतात. अक्षर माझे असते.