रेडिओची खरखर सांगते विजेचा पत्ता

जून महिन्यात जबलपूरवर ढग दाटून आले, की मीडियम वेव्ह किंवा शॉर्टवेव्हवर लावलेला रेडिओ खरखरू लागतो. आपण वैतागून बटण फिरवतो. पण हा रेडिओतला बिघाड नव्हे. प्रत्येक वीज चमकताना रेडिओ लहरी फेकते. जणू क्षणभराचे प्रक्षेपण केंद्रच! या केंद्राचा पत्ता वेळीच लागला, तर माणसांचे जीव वाचू शकतात.

आपल्या देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे वीज पडून दगावतात. या नोंदींत मध्य प्रदेश बऱ्याचदा अग्रभागी असतो. बळी जातात ते बहुधा शेतात राबणारे आणि गुरे राखणारे.

पत्ता लागतो कसा?

रेडिओ लहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतात. जबलपूरहून नागपूर सरळ रेषेत सुमारे २४० किलोमीटर, तर भोपाळ सुमारे २६०. समजा, दोन्ही ठिकाणी लहरी टिपणारी यंत्रे आहेत. जबलपूरवर कडाडलेल्या विजेची लहर भोपाळला सेकंदाचा पंधरा हजारावा भाग उशिरा पोहोचेल. एवढ्याशा फरकावरून नकाशावर एक वक्ररेषा काढता येते. वीज त्या रेषेवरच कुठेतरी असते. रायपूरच्या तिसऱ्या यंत्रामुळे दुसरी रेषा मिळते. दोन्ही रेषा जिथे छेदतात, तिथे वीज! मात्र सगळी घड्याळे तंतोतंत जुळलेली हवीत. ते काम जीपीएस उपग्रहांमुळे साधते.

दूरदेशीचे अज्ञात शॉर्टवेव्ह केंद्रही याच रीतीने शोधता येते. पण त्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन येतात. त्यामुळे वाट लांबते आणि पत्ता अनेक किलोमीटरांनी चुकू शकतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजा टिपणारी ऐंशीहून अधिक यंत्रे देशभर बसवली आहेत. त्यांच्या आधारे ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप २० ते ४० किलोमीटरच्या परिसरातील विजेचा इशारा देते.

घरच्या घरी हिशेब

मोबाइल नसला तरी वेळ मोजता येतेच. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा. वीज तितके किलोमीटर दूर आहे. आकडा ३० सेकंदांहून कमी असेल, तर लगेच पक्क्या घरात जा. झाडाखाली मुळीच थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. घरचे कुणी शेतावर असेल, तर त्यालाही वेळीच कळवा.