माजघरातला उजेड आणि कॅमेऱ्याचा डोळा

हातकणंगल्याच्या आसपास जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या आजी अजून भेटतात. समजा, अशा एका आजींचे चित्रण तुम्हाला करायचे आहे आणि काकांच्या कपाटातला छोटा कॅमकॉर्डर हाती आला आहे. अंगणात चित्र स्वच्छ येते. माजघरात मात्र त्याच कॅमेऱ्यातून चेहरा काळवंडतो आणि त्यावर मुंग्या वळवळाव्यात तसे ठिपके दिसतात. असे का व्हावे?

भर दुपारी अंगणात सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो. माजघरात दिव्याखाली तो बहुधा १०० लक्सही भरत नाही. हजारपटींचा हा फरक आपल्याला जाणवत नाही, कारण डोळा अंधाराशी सहज जुळवून घेतो. कॅमेरा आपले छिद्र पूर्ण उघडतो आणि तेवढ्याने भागले नाही, की आतल्या संवेदकाकडून आलेला विद्युत्संकेत वाढवतो. येथेच ठिपके जन्मतात. पावसाचे पहिले चार थेंब पडतात तेव्हा अंगणातली एक फरशी भिजते, तर शेजारची कोरडी राहते. धो-धो पावसात सगळ्या सारख्या भिजतात. प्रकाशही कणाकणांनी येतो. संवेदकाच्या एका बारीक चौकटीवर सरासरी १०० कण पडत असतील, तर त्यात सुमारे १० कमी-अधिक होतात, म्हणजे १० टक्के. १०,००० पडले तर सुमारे १००, म्हणजे अवघा १ टक्का. संकेत वाढवला की ही विषमताही वाढते. नवा प्रकाश काही येत नाही.

त्यातून संवेदक इवलासा. अशा पुष्कळ कॅमकॉर्डरमध्ये तो जेमतेम ३.६ × २.७ मिलिमीटर असतो. मूकपटाच्या फिल्मवरील चौकट सुमारे २४ × १८ मिलिमीटरची, म्हणजे क्षेत्रफळाने ४४ पट! तरीही त्या काळी उजेड पुरत नसे. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी स्वदेशी कॅमेऱ्यावर ‘सैरंध्री’ (१९२०) काढला, तेव्हा चित्रणाची सारी भिस्त सूर्यावर होती. ‘सिंहगड’मध्ये (१९२३) रात्रीची दृश्ये हवी होती, म्हणून त्यांनी कृत्रिम दिवे लावले. भारतात हा प्रयोग त्यांनीच प्रथम केला, असे मानले जाते.

तुम्हीही उजेडाच्याच मागे लागा. आजींना खिडकीच्या कडेला, उजेड एका गालावर येईल असे बसवा. खिडकी त्यांच्या पाठीशी नको. नाहीतर कॅमेरा खिडकीचा उजेड मोजून छिद्र लहान करील. दुसऱ्या गालाकडे पांढरी चादर ताणून धरा. दिवा दोन मीटरांवरून एक मीटरवर आणलात, तर प्रकाश सुमारे चौपट होतो. झूमचा मोह टाळा. पूर्ण झूमवर भिंगाचा आकडा १.८ वरून ३.५ वर गेला, तर प्रकाश जवळजवळ पाव उरतो. त्यापेक्षा स्वतः दोन पावले पुढे जा. ओव्याही नीट ऐकू येतील.

पिवळा बल्ब आणि खिडकी एकत्र वापरू नका. बल्बचा प्रकाश सुमारे २,७०० केल्विनचा, दिवसाचा ५,५०० च्या आसपास. कॅमेरा एका वेळी एकालाच पांढरे मानतो, मग एक गाल पिवळा आणि दुसरा निळसर!

ट्यूबलाइटची गंमत निराळी. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. अमेरिकेहून आणलेला कॅमेरा १/६० सेकंदाने टिपतो. प्रत्येक चित्राच्या वाट्याला वेगळा उजेड येतो आणि चित्र लुकलुकते. शटर १/१०० वर ठेवले, तर प्रकाश थोडा घटतो, पण लुकलुक थांबते.

कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ठिपके लपतात. तेव्हा आदल्या दिवशी त्याच वेळी धाकट्या भावाला जात्यापाशी बसवून दोन मिनिटे चित्रण करा आणि ते टीव्हीवर पाहा. आजींना दुसऱ्यांदा दळायला बसवणे बरे नव्हे.