पडदे काढून टाकणारे वादक

१५ डिसेंबर २०२४ रोजी उस्ताद झाकीर हुसेन यांचे सॅन फ्रान्सिस्को येथे निधन झाले. त्यानंतरचे जे मृत्युलेख माझ्या वाचनात आले, त्यांत पंजाब घराण्याविषयी, अल्लारखाँसाहेबांच्या तालमीविषयी आणि थोरामोठ्यांना केलेल्या साथीविषयी पुष्कळ लिहिलेले होते. १९७५ च्या सुमारास त्यांनी जॉन मॅकलॉफ्लिन यांच्यासमवेत उभ्या केलेल्या ‘शक्ती’ या वृंदाची बोळवण मात्र बहुधा ‘शिवाय त्यांनी फ्यूजनही केले’ एवढ्याच शब्दांत झालेली दिसली. या ‘ही’मध्ये आपल्या रसिकांचा एक जुना निवाडा दडलेला आहे. फ्यूजन म्हणजे भेसळ. ती पोटासाठी किंवा प्रसिद्धीसाठी करावयाची, आणि कलावंत मोठा असेल तर आपण तिकडे कानाडोळा करावयाचा, असा तो निवाडा.

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, संगीताचा नव्हे. परंतु भेसळ हा शब्द मुळात बाजारातला असल्यामुळे त्याविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार मी घेतो. भेसळीची खूण अशी, की मिसळल्यावर मूळ माल ओळखू येत नाही. ओळखू आला तर भेसळ करणाऱ्याचा धंदाच बसेल. हीच कसोटी १९७० च्या दशकातील जॅझ फ्यूजनला लावून पाहिली पाहिजे.

हा आरोप केवळ आपल्याकडचा आहे असेही नाही. माइल्स डेव्हिस या कृष्णवर्णीय ट्रंपेटवादकाने ऑगस्ट १९६९ मध्ये न्यूयॉर्क येथे तीन दिवसांत ‘बिचेस ब्रू’ ध्वनिमुद्रित केले, आणि पुढील वर्षी ते प्रसिद्ध होताच जॅझच्या कडव्या अभिमान्यांनी त्याला बाजारबसवा ठरविले. त्या काळी रॉक संगीताची सभागृहे ओसंडत होती आणि जॅझचे श्रोते आटत होते. डेव्हिसने विजेचे पियानो आणि विजेची गिटार जवळ केली, रॉकच्या सभागृहांत जाऊन तो वाजवू लागला, आणि हाच संच त्याची सुवर्णतबकडी मिळविणारी पहिली कृती ठरला. यात पैशाचा विचार नव्हता असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण मागणीच्या सिद्धांताने विजेचा पियानो का आला एवढेच कळते. तीन-तीन पियानोवादक एकाच वेळी का बसविले, वीस-पंचवीस मिनिटांची, रेडिओवर लावताही न येणारी रचना का केली, संपादक टिओ मासेरो यांनी ध्वनिफीत पात्याने कापून पुन्हा वेगळ्याच क्रमाने का जोडली, याचे उत्तर बाजारभावात सापडत नाही. आणि त्या सगळ्या कोलाहलात डेव्हिसचा ट्रंपेट? थोडके सूर, सरळ लावलेले, जवळजवळ कंप नसलेले, आणि मध्ये मोठमोठ्या मोकळ्या जागा. हा माणूस पहिल्या दोन सुरांतच ओळखू येतो.

त्या ध्वनिमुद्रणात बसलेले वादक पुढे आपापले वृंद घेऊन पांगले. मॅकलॉफ्लिनने ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ काढला. जो झाविनुल आणि वेन शॉर्टर यांनी ‘वेदर रिपोर्ट’. चिक कोरियाने ‘रिटर्न टू फॉरएव्हर’. नावांची ही यादी वाढविण्यात अर्थ नाही. मला अधिक महत्त्वाची वाटते ती त्यांतल्या काहींच्या वादनात वारंवार दिसणारी एक धडपड, जी मींडेवर वाढलेल्या मराठी कानांना फारशी समजावून सांगावी लागू नये. पाश्चात्त्य वाद्यांत स्वरांची घरे बहुधा पक्की बांधलेली असतात. एका घरातून दुसऱ्या घरात जायचे तर उडी मारावी लागते. या मंडळींना दोन घरांमधली वाट हवी होती.

यान हॅमर या चेक वादकाचे उदाहरण घ्या. १९७१ साली तो ‘महाविष्णू’मध्ये होता. पेटीवर मींड निघत नाही म्हणून आपल्या आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके पेटीला मज्जाव केला होता; तीच अडचण विजेच्या पेटीचीही. हॅमरने उजव्या हाताने पट्ट्या दाबल्या आणि डाव्या हाताने वाद्याच्या कडेचे एक छोटे चाक फिरवून स्वर ओढण्याचे तंत्र असे साधले, की त्याची पेटी आणि मॅकलॉफ्लिनची गिटार यांचे सवालजवाब चालू झाले म्हणजे कोणता सूर कोणाचा हे क्षणभर उमगत नाही. पाठीमागे बिली कॉबहॅम दोन-दोन पायढोल घेऊन बसलेला. ‘बर्ड्‌स ऑफ फायर’ ही त्यांची रचना अठरा मात्रांच्या आवर्तनात आहे. वसतिगृहात एका मित्राच्या कॅसेटवर मी ती प्रथम ऐकली, तेव्हा बोटांवर मात्रा मोजताना तीनदा चुकलो आणि चौथ्यांदा मोजणे सोडून दिले.

झाविनुल हा व्हिएन्नाचा. त्याने वेगळाच उद्योग केला. १९७६ च्या ‘ब्लॅक मार्केट’ या रचनेसाठी त्याने आपल्या वाद्याची पट्टी विजेच्या जोडणीने उलटी करून घेतली. उजवीकडे खर्ज, डावीकडे टीप. सवयीची बोटे सवयीच्याच तानांकडे धावतात. ती सवय मोडण्यासाठी त्याने हे केले.

त्याच ‘वेदर रिपोर्ट’मध्ये १९७६ साली जॅको पास्टोरियस आला. फ्लोरिडात वाढलेल्या या तरुणाने आपल्या बास गिटारचे सगळे पडदे काढून टाकले, त्या फटी बुजविल्या आणि दांडीवर नावांना लावतात तसला कठीण लेप चढविला. सतारीचे पडदे काढले तर काय राहील, याची कल्पना करावी. किंवा सरोदाच्या बिनपडद्यांच्या पट्टीची आठवण करावी. बास गिटार म्हणजे तोवर मागे उभे राहून ठेका सांभाळणारे वाद्य. पास्टोरियसच्या हाती ते गाऊ लागले. पडदे नाहीत म्हणजे आधार नाही, प्रत्येक सूर कानाने शोधून लावायचा. तो हे अतिद्रुत लयीतही बिनचूक करी. मानसिक व्याधीने आणि व्यसनाने त्याची अखेरची वर्षे पोखरली. १९८७ साली एका क्लबच्या दाराशी झालेल्या मारहाणीनंतर तो वारला, तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता. आज जगभर बिनपडद्यांचा बास वाजविणारे शेकडो आहेत, आणि त्यांतले बहुतेक त्याच्यासारखे वाजविण्याच्या नादात कोणासारखेच वाजत नाहीत. आरोपकर्त्यांना येथे मी एक गोष्ट मोकळेपणाने देऊन टाकतो: १९८० नंतर फ्यूजनच्या नावाखाली जे मऊ, गुळगुळीत, कोणाच्याही नावावर खपेल असे संगीत निघाले, त्याला भेसळ म्हणण्यास माझी हरकत नाही. माझ्याच कसोटीवर ते नापास होते.

‘शक्ती’ मात्र होत नाही. विजेच्या गिटारचा बादशहा म्हणून गाजत असताना मॅकलॉफ्लिनने साधी गिटार हाती घेतली, आणि भारतीय वादकांबरोबर तो मांडी घालून बसला. व्यवहाराच्या दृष्टीने हा तोट्याचाच सौदा. वीणेचे धडे त्याने घेतलेच होते. त्याच्यासाठी खास गिटार घडविण्यात आली, तिच्या पडद्यांमधले लाकूड कोरून खोलगट केलेले होते, जेणेकरून तार दाबून, ओढून मींड घेता यावी. शिवाय तरफेच्या तारा. सोबत एल. शंकर यांचे व्हायोलिन, विनायकराम यांचा घटम आणि झाकीरभाईंचा तबला. पूर्व-पश्चिमेचे मीलन म्हणून या वृंदाचा गवगवा झाला. पण माझ्या मते त्यातील अधिक अवघड मीलन उत्तर-दक्षिणेचे होते. तबला आणि घटम यांचे बोल वेगळे, हिशेब वेगळे, गुरुपरंपरा वेगळ्या. ते ऐकताना झाकीरभाईंच्या डग्ग्याकडे लक्ष द्यावे. पुडीवर मनगट सरकवून ते त्या खर्जातून जी मींड काढीत, ती साथीची नव्हे, गाण्याची असे.

आमच्या महाविद्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी उत्तम पेटी वाजवितात. हे सारे ऐकून घेऊन ते म्हणाले, “सगळं मान्य सर, पण त्यात राग कुठे आहे?” प्रश्न रास्त आहे. तासभराच्या आलापीतून रागाचे जे रूप हळूहळू उलगडते, ते ‘शक्ती’त मिळत नाही, आणि ते तेथे मागूही नये. पण जे मिळते ते ऐकल्यावाचून निवाडा देणे कोणत्या न्यायात बसते, हे मी त्यांना विचारले. २०२३ मध्ये आलेल्या ‘धिस मोमेंट’ या ‘शक्ती’च्या संचाला पुढील वर्षी ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तो मी त्यांना ऐकायला दिला आहे. अद्याप अभिप्राय आलेला नाही.

त्यांना द्यावयाचे आणखी एक ध्वनिमुद्रण मी बाजूला काढून ठेवले आहे. मुंबईत जन्मलेले त्रिलोक गुर्टू पुढे मॅकलॉफ्लिनच्या त्रयीत तालवाद्ये वाजवीत. गुडघे टेकून बसायचे, तबला आणि पाश्चात्त्य ढोल एकत्र मांडायचे, शेजारी पाण्याने भरलेली बादली. वाजती झांज त्या पाण्यात बुडवली की तिचा सूर वाकतो, खाली उतरतो. त्यांच्या १९८८ च्या ‘उस्फ्रेत’ या संचात या साऱ्या ताल-कल्लोळातून एक आवाज वर येतो. तो त्यांच्या मातोश्रींचा, बेळगावच्या शोभा गुर्टू यांचा आहे.