हृदयरोग्याचा निर्णय टेबलावर नको

हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या अरुंद झाल्या म्हणजे रोग्यापुढे दोन शस्त्रोपचार उभे राहतात. पायातील नीला काढून तिच्याद्वारे अडथळ्यापलीकडे रक्त नेण्याची बायपास शस्त्रक्रिया १९६७ मध्ये क्लीव्हलंड येथे रेने फावालोरो यांनी रूढ केली. बारीक नळीतून फुगा सरकवून अडथळाच रुंदावण्याची अँजिओप्लास्टी १९७७ मध्ये झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी प्रथम केली. पुढे तेथे धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसविण्याची पद्धत आली.

छाती उघडावी लागत नाही व एक-दोन दिवसांत घरी जाता येते, म्हणून सामान्य माणसाचा ओढा फुग्याकडे असावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु जे सोपे ते हितकारक असतेच असे नाही. अनेक रोहिण्या अरुंद झालेल्या १,९०० मधुमेही रोग्यांची ‘फ्रीडम’ चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. पाच वर्षांत स्टेंट बसविलेल्यांपैकी सुमारे १६ टक्के, तर बायपास केलेल्यांपैकी सुमारे ११ टक्के रोगी दगावले. पक्षाघाताचे प्रमाण मात्र बायपासमध्ये अधिक होते. स्टेंट एका जागेचा अडथळा दूर करतो. बायपास रोगट भागच ओलांडून जातो.

तिसराही मार्ग आहे. ५,१७९ रोग्यांच्या ‘इस्केमिया’ चाचणीत (२०२०) असे दिसले की, दुखणे स्थिर असलेल्या रोग्यांत औषधांनी सुरुवात केल्यास मृत्यूचे प्रमाण वाढत नाही. छातीतील कळा कमी होण्यास मात्र शस्त्रोपचाराचा लाभ अधिक होतो. हृदयविकाराचा तीव्र झटका वा मुख्य डाव्या रोहिणीतील अडथळा यांना हा न्याय लागू नाही. झटक्यात तर क्षणाचाही विलंब घातक होय.

ज्याला अवधी आहे त्याला तो मिळतो काय, हा खरा प्रश्न आहे. तपासणीच्या टेबलावर रोगी निजलेला असताना बाहेर बसलेल्या भेदरलेल्या नातेवाइकांकडून स्टेंटसाठी संमती घेणे, याला निवड म्हणता येणार नाही. २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. पण किंमत बांधून दिल्याने निर्णय योग्य होतो असे नाही. स्थिर रोग्याची तपासणी संपताच त्याला खाटेवर परत आणावे, हृदयरोगतज्ज्ञ व शल्यचिकित्सक या दोघांनी मिळून चित्रे पाहावीत, आणि तिन्ही मार्गांचे गुणदोष त्याच्या भाषेत त्याला सांगावेत. हृदय त्याचे आहे. निर्णयात पहिला शब्द नसला तरी शेवटचा शब्द त्याचाच असला पाहिजे.